पाणीवालीचं नाव

अकरा दिवसांत फारुखनं चार राजे मारले, दोन राण्यांना विष दिलं आणि सात ठिकाणी सात भुयारं काढली. भुयार नसलं की पुण्याची माणसं रुसतात, हे त्याला तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. जैसलमेरच्या वाळूतून, बिकानेरच्या हवेल्यांतून, महेश्वरच्या घाटावरून आणि बुऱ्हाणपूरच्या तापीकाठावरून बत्तीस निवृत्त माणसांना त्यांच्या गोळ्या, गरम पाण्याच्या बाटल्या आणि तक्रारींसकट त्यानं इथवर आणलं होतं. सकाळीच रोहिणखेडची जुनी मशीदही दाखवून झाली होती. आता त्याच्या स्वतःच्या गावची, नळखेडची बारव तेवढी उरली होती आणि मग अजिंठा. गुडघे मात्र बिकानेरलाच संपले होते.

बसमध्ये निम्मे लोक झोपले होते. जे जागे होते ते चहा कधी आणि पुण्याला नक्की किती वाजता, एवढंच विचारत होते. फारुख ड्रायव्हर रवीच्या मागच्या सीटवर माईक मांडीवर ठेवून बसला होता. बाहेर हरभऱ्याची सोंगणी चालली होती. हा त्याचा मुलूख. पण दुसऱ्यांचे मुलूख समजावून सांगता सांगता घसा असा बसला होता की स्वतःच्या मुलखाबद्दल तोंड उघडायची इच्छाच राहिली नव्हती.

आज मात्र उघडावं लागणार होतं. शेजारी मंजुश्री बसली होती, मांडीवर रेकॉर्डर घेऊन. ही कंपनीची मुलगी, कामाला चोख आणि बोलायला गोड. पुढच्या हंगामापासून या सहलीबरोबर गाईड येणार नव्हता. प्रवाशांच्या कानात एक छोटं यंत्र बसवायचं, बटण दाबलं की त्या जागेची गोष्ट सुरू. गोष्ट फारुखच्याच आवाजात. म्हणून अकरा दिवस मंजुश्री त्याच्यामागे फिरत होती आणि जागेगणिक तीन मिनिटं भरून घेत होती.

"तुमचा आवाज कायमचा राहील, सर," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

फारुखला त्यात रागावण्यासारखं काही दिसलं नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी माणसानं किती किल्ले चढायचे? जैसलमेरपासून त्यानं नेहमीच्याच गोष्टी नेहमीच्याच आवाजात ठोकून दिल्या होत्या. एवीतेवी खोटं बोलायचंच, तर एकदाच बोलून मोकळं व्हावं. फक्त नळखेडच्या बारवेबद्दल त्याला खरं बोलायचं होतं. तीन मिनिटं, आणि तीही कायमची. आज चुकलं तर चुकलंच.

बारवेच्या काठावर कडुलिंबाखाली एक साधी, चुन्यानं सारवलेली कबर आहे. ती त्याच्या परदादीची. घरात तिला बडी दादी म्हणत. बुऱ्हाणपूरकडून अजिंठ्याकडे पायी जाणारी माणसं, गाडीवान, फकीर, व्यापारी तेव्हा याच वाटेनं जायची. बडी दादी तरणीताठी असतानाच रांडावली आणि बारवेच्या तोंडाशी घागर घेऊन बसली. येईल त्याला पाणी. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. छप्पनच्या, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, मोठ्या दुष्काळात पाणी तळाला गेलं तेव्हा ती साठीची होती. चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरायची आणि भरली घागर घेऊन चौऱ्याऐंशी चढायची. ज्यांना बारवेची पायरीसुद्धा शिवू देत नव्हते, त्या महारवाड्यातल्या माणसांनाही तिनं त्याच तांब्यानं पाणी दिलं. गावानं आरडाओरडा केला. तिनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, मग तुम्हीच उतरा. कोणी उतरलं नाही. एका दुपारी ती एकसष्टाव्या पायरीवर टेकली ती उठलीच नाही. गावानं तिला कबरस्तानात नेलं नाही, बारवेच्या काठावरच दफन केलं.

एवढीच गोष्ट. हिच्यात राणी नाही, अंगठी नाही, भुयार नाही.

तीस वर्षांपूर्वी फारुखनं कंपनीच्या हातापाया पडून पहिल्यांदा बस इथं थांबवली, तेव्हा तो हीच गोष्ट सांगायला उभा राहिला होता. छाती भरून आली होती त्याची. पण दोन वाक्यं होतात न होतात तोच एका बाईंनी जांभई दिली आणि एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं. बस पुन्हा इथं थांबणार नाही, हे फारुखला त्या जांभईतच दिसलं. तो घाबरला. घाबरलेल्या गाईडच्या तोंडून जे निघतं तेच निघालं. बुऱ्हाणपूरची एक बेगम, तिची लाडकी दासी दिलारा, बेगमेची हिऱ्याची अंगठी, बुऱ्हाणपुरातून थेट या बारवेत निघणारं भुयार, तोंडाशी टपलेले शिपाई. दिलारानं अंगठी गिळली आणि पाण्यात उडी घेतली. जांभई देणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. बस दर वर्षी थांबू लागली.

मग दिलारा फारुखच्या हातात राहिली नाही. कोणीतरी कबरीवर हिरव्या बांगड्या ठेवल्या, कोणीतरी नवस बोललं. पेंटरकडून पाटी आली, 'दिलाराची मजार'. एकदा तर अंगठीच्या आशेनं दोघं कुदळ घेऊन आले होते. समोर चहाची टपरी चालवणाऱ्या दयारामनं त्यांना दगड घेऊन पळवलं.

आणि फारुखची मोठी बहीण जमीला, आपा, दर वर्षी बस आली की घरातून तरातरा यायची. दोघांची घरची भाषा वऱ्हाडी हिंदी, पण आपा रागावली की मराठीत उतरायची, कारण भांडणं ती या बारवेवरच शिकली होती.

"काऊन खोटं बोलतं बे? तुह्या सख्ख्या बडी दादीले दासी करून टाकलं तू. नाव सांग तिचं त्याईले. नाव हाये तिले."

आणि ती नाव घ्यायची. दर वर्षी घ्यायची. पण तोवर रवीचा हॉर्न वाजलेला असायचा, कोणाची तरी छत्री राहिलेली असायची, कोणाला तरी बाथरूम सापडत नसायचं आणि फारुख "हाव आपा, पुढच्या साली सांगतो" म्हणत बसकडे पळत असायचा. तीस वर्षं ते नाव त्याच्या कानावर आलं आणि पाठीवरून घसरून गेलं.

राजस्थानातल्या राजांच्या सात पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. आपल्या परदादीचं नाव माहीत नव्हतं. मागच्या वर्षी तो गावी न जाता नुसता तहसिलीत जाऊन जुने कागद काढून आला. त्यात लिहिलं होतं, 'शेख चाँद यांची बेवा'. विधवेला नाव लागत नाही, असं त्या कारकुनाला वाटलं असावं. फारुखला त्या दिवशी कारकुनाचा राग आला आणि घरी येईपर्यंत स्वतःची लाज वाटली, इतकी की आपाला फोन करूनही नाव विचारवलं नाही.

आता नाव एकट्या आपाकडे होतं. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, दादीच्या, म्हणजे बडी दादीच्या सुनेच्या, मांडीवर वाढलेली. हल्ली ती विसरते, असं तिची सून मलिहा फोनवर म्हणायची. जेवून पुन्हा जेवायला मागते, म्हणाली होती. रस्त्याच्या कामामुळे दोन वर्षं बस खामगावकडून गेली होती आणि बुऱ्हाणपूरला सासुरवाडीत स्थायिक झालेला फारुख गावी आला नव्हता. पण त्याला फारशी काळजी नव्हती. म्हातारी माणसं सकाळचं विसरतात, लहानपणचं नाही, असं त्यानं सगळ्यांकडून ऐकलं होतं. त्यावरच तो विसंबून होता.

बस थांबली. रवीनं चाळीस मिनिटं सांगितली.

दयारामनं चहाचं पातेलं आधीच चढवून ठेवलं होतं. तो फारुखच्याच वयाचा, शाळेतला सोबती. त्यानं फारुखकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लय थकला बे तू."

"थकलो. दयाराम, एक सांग. आमच्या बडी दादीचं नाव तुह्या घरात कोणी घ्यायचं काय?"

दयारामनं चहा गाळता गाळता विचार केला. "आमच्या आजीले तिच्याच हातचं पाणी भेटलं होतं म्हणत. पण आमच्यात तिले पाणीवाली माय म्हणत. अन् आपा बोले तवा मी चहाच्या गर्दीत. नाव नाही आलं कानावर." मग जरा थांबून म्हणाला, "आपाले विचार. पण..."

"पण काय?"

"विचार त खरं."

आपाला मलिहानं आधीच आणून कडुलिंबाच्या पारावर बसवलं होतं. धुतलेली पांढरी ओढणी, डोळ्यांत सुरमा. फारुखला पाहून ती इतकी हसली की त्याचा जीव भांड्यात पडला. ओळखलं होतं तिनं.

"फारुख्या! बस घेऊन आला?"

"आलो, आपा. आज खरं सांगणार हाये मी. बडी दादीचं. तू म्हणत होती न दर साली?"

"सांग न मंग," ती म्हणाली. "कोण नाही म्हणते तुले?"

फारुखला बरं वाटलं. इतकं बरं त्याला अकरा दिवसांत वाटलं नव्हतं. त्यानं मंडळींना सावलीत बोलावलं, मंजुश्रीनं माईक त्याच्या सदऱ्याला अडकवला आणि बोटानं खूण केली. फारुखनं सुरुवात केली, हळू, राजाराणीचा आवाज बाजूला ठेवून. वाट सांगितली, घागर सांगितली. चौऱ्याऐंशी पायऱ्या सांगितल्या. मंडळी ऐकत होती, पण जशी ऐकतात तशीच. एक टोपीवाले गृहस्थ कपाळावरचा घाम पुसत होते. दोन बायका मागं बांगड्यांचे फोटो काढत होत्या. कोणीतरी हळूच विचारलं, "ती अंगठीची गोष्ट याच जागेची ना? आमच्या वहिनी सांगत होत्या." फारुखनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जांभया येतील तर येऊ देत, आता भ्यायचं कशाला? बस उद्या थांबो न थांबो, यंत्र तर बोलेलच.

"एकसष्टाव्या पायरीवर ती बसली, ती उठली नाही," तो म्हणाला. "त्या बाईचं नाव आजवर मी कोणाला सांगितलं नाही. तिचं नाव..."

आणि तो आपाकडे वळला. हात पुढे केला, महालाचा दरवाजा दाखवताना करायचा तसा.

"आपा, सांग."

आपा उठली. उठताना मलिहाचा हात तिनं बाजूला केला. ओढणी नीट केली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि उजवा हात वर उचलला. तो हात फारुखनं ओळखला. तो त्याचाच होता.

"या, मंडळी, सावलीत या," आपा म्हणाली, खणखणीत, शुद्ध पुणेरी मराठीत. "पुढं सरका, सगळ्यांना दिसू दे. बुऱ्हाणपूरच्या महालात एक बेगम होती. आणि तिची एक लाडकी दासी होती. नाव होतं... दिलारा."

नावाआधी ती थांबली, नेमकी तेवढीच थांबली जेवढा तो थांबायचा. टोपीवाले गृहस्थ पुढं सरकले. फोटो काढणाऱ्या बायका वळल्या. आपानं भुयार सांगितलं, भुयारातला अंधार सांगताना आवाज खाली नेला, शिपायांच्या तलवारी आल्या तेव्हा वर नेला. अंगठी गिळली तिथं तिनं गळ्याला हात लावला. ती युक्ती फारुखनं पाचव्या की सहाव्या वर्षी घातली होती. शेवटी ती टाळ्यांसाठी थांबली आणि टाळ्या पडल्या, कडकडून. एक बाई डोळे पुसत पुढं आली आणि आपाच्या पाया पडली.

दर वर्षी भांडायला यायची ती. भांडायला येऊन, शेवटपर्यंत उभी राहून, तिनं तीस वर्षं त्याला ऐकलं होतं.

फारुख खाली बसला, पाराच्या दगडाशीच.

"आपा," तो हळू आवाजात म्हणाला, "हे मी रचलेलं होतं. इथंच, तुह्यासमोर. तू भांडली होती माह्याशी. आठव न."

"तू रचलं?" आपा हसली. "तू त तवा जन्मला बी नव्हता. मले दादीनं सांगितलं, मांडीवर घेऊन."

"बडी दादीचं नाव काय होतं, आपा?"

"दिलारा," ती म्हणाली, लहान मुलाला समजावून सांगावं तशी. "महालात होती न आपली बडी दादी. तुले काहीच कसं माहीत नाही बे?"

आजवर कितीतरी राजे मारून फारुखला कधी काही वाटलं नव्हतं. आज त्यानं आपल्या घरातल्या एका बाईला मारलं होतं, आणि तेही तिला ओळखणाऱ्या शेवटच्या माणसाच्या डोक्यात शिरून.

मंजुश्री धावत आली. तिचेही डोळे ओले होते. "सर, काय सांगितलंय आजींनी! अकरा दिवसांतलं सगळ्यात छान रेकॉर्डिंग आहे हे. या जागेसाठी हेच ठेवू या ना? गावातल्या माणसाचा खरा आवाज आहे."

"ते पुसून टाक, बेटा."

"पण का?"

"ते खरं नाही. आवाजही तिचा नाही. माझा आहे."

मंजुश्रीला ते कळलं नाही, पण फारुखचा चेहरा बघून तिनं वाद घातला नाही. "मग तुमचं ठेवते. पण सर, त्यात नाव नाही. तुम्ही 'तिचं नाव' म्हणालात आणि पुढं नुसतं रिकामं आहे. नाव सांगा ना, मी जोडून घेते."

तीस वर्षांची सवय जिभेवर आली. एखादं नाव ठोकून द्यायला काय लागतं? बानू, हमीदा, रहिमत. कोण तपासणार होतं? कानात यंत्र घातलेल्या माणसाला ते पटलंही असतं आणि बडी दादीला मरणानंतर दुसऱ्यांदा एक खोटं नाव मिळालं असतं. फारुखनं जीभ दाताखाली धरली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "माईक चालू कर. त्याच्यापुढं जोड." आणि त्यानं चूक कबूल करणाऱ्या लहान मुलासारखं, सावकाश, सांगितलं, "तिचं नाव मला माहीत नाही. माझ्या बहिणीला माहीत होतं. ती दर वर्षी सांगत होती. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. मी फारुख शेख, तिचा पणतू."

"सर, मधली रिकामी जागा कापते. चारपाच सेकंद आहे."

"कापू नको. तेवढीच तिची आहे."

रवीचा हॉर्न वाजला. मंडळी बसकडे निघाली. जाता जाता दोघातिघींनी कबरीवर हात टेकवला आणि दिलाराला नमस्कार केला. टोपीवाले गृहस्थ फारुखला म्हणाले, "तुमच्या भगिनी तुमच्यापेक्षा छान सांगतात हो." फारुख म्हणाला, "होय साहेब."

दुसरा हॉर्न वाजला. दुसऱ्या हॉर्नला फारुख कधी खाली राहिला नव्हता. बस त्यानं एक मिनिटही थांबवली नव्हती, बापाच्या आजारपणातसुद्धा नाही. आज तो बसच्या दारापर्यंत गेला, आपली पिशवी उतरवून घेतली आणि रवीला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. अजिंठ्याला तिथले गाईड आहेत. मंजुश्री सांभाळेल."

रवीनं त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि तिसरा हॉर्न न वाजवता बस काढली. धूळ बसेपर्यंत फारुख रस्त्यावरच उभा राहिला. मग लंगडत पाराशी आला.

आपा अजून तिथंच होती. मलिहा तिला घरी चला म्हणत होती, ती उठत नव्हती.

"तू नाही गेला?" तिनं विचारलं. "बस गेली न तुही."

"जाऊ दे. आज बसतो मी. तू सांग."

"काय सांगू?"

"दादीच्या मांडीवर जे ऐकलं ते. सगळं. मले कुठी जायाचं नाही."

आपानं त्याच्याकडे जरा संशयानं पाहिलं. आजवर कोणी तिला असं बसून विचारलं नव्हतं. मग ती सुखावली, पाय वर घेऊन नीट बसली. समोरून दयाराम दोन कप चहा घेऊन आला, ते दोघांपुढं ठेवून तोही खाली टेकला. फारुखनं पिशवीतून सहलीची वही काढली, प्रवाशांच्या नावांची पानं उलटून मागचं कोरं पान काढलं. सांगता सांगता, कुठंतरी मधेच, दादीच्या भाकरीची किंवा बडी दादीच्या घागरीची आठवण निघाली की, ते नाव तिच्या तोंडून सटकेल. आज नाही तर उद्या. नाहीच सटकलं तरी ऐकायची त्याची पाळी होतीच.

"बुऱ्हाणपूरच्या महालात," आपानं हात वर उचलला, "एक बेगम होती."

"हाव," फारुख म्हणाला, आणि ऐकू लागला.